समोरची काच आणि दोन लिटर पाणी

(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त बेळगाव येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावर मोठे विषय शोभतात. कालपासून आपण शिक्षण, संस्कृती आणि समाजसेवा यांवर उत्तम विचार ऐकले. त्यानंतर मी मोटारीच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या एका लहानशा योजनेविषयी बोलणार, हे ऐकून काही जणांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मला येथून दिसते आहे. ते साहजिक आहे. परंतु कार्यवाहांनी ‘मोटारीची निगा’ हा विषय दिला, तेव्हा मी मुद्दामच हा कोपरा निवडला. इंजिनाची काळजी सगळेच घेतात, ब्रेकची भीती सगळ्यांनाच असते, टायर तर डोळ्यांना दिसतातच. समोरच्या काचेच्या पाण्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नसते. मालक म्हणतो ते काम ड्रायव्हरचे, ड्रायव्हर म्हणतो ते गॅरेजचे, आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘साहेब, तुम्ही सांगितलं नाही.’ अशा रीतीने ती टाकी बिचारी कोरडीच राहते.

आपल्या गावाची स्थिती लक्षात घ्या. बेळगाव घाटमाथ्याला लागून आहे. येथून कोकणात वा गोव्यात उतरायचे तर जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट, सावंतवाडीकडे आंबोलीचा घाट, किंवा खानापूर-रामनगरवरून अनमोडचा घाट. पावसाळ्यात तिन्ही वाटांवर धुके, पाऊस आणि तांबडी माती. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रेलरांची रांग, पाचोळा, धूळ आणि काजळी. उन्हाळ्यात वळवाच्या आधीचे वादळ. म्हणजे बारा महिन्यांत असा एकही महिना नाही की ज्यात आपल्या मोटारीची समोरची काच सुखाने स्वच्छ राहील.

आता एक साधे गणित करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. समोरून आलेल्या ट्रकने चिखलाचा फवारा काचेवर मारला आणि ती काच साफ व्हायला चार सेकंद लागले, तर तेवढ्यात गाडी सुमारे ६७ मीटर पुढे गेलेली असते. सहा बसगाड्या एकीमागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी भरेल, तेवढी वाट आपण डोळे झाकून चाललो. त्या वाटेत सायकलवाला असू शकतो, म्हैस असू शकते, शाळेतून घरी जाणारे मूल असू शकते. चार सेकंदांच्या ठिकाणी दहा सेकंद लागले तर काय, याचा हिशेब मी आपल्यावर सोपवतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते की पाऊस असताना वायपर चालतात, मग वेगळ्या पाण्याची गरज काय? खरी गोष्ट उलटी आहे. धो धो पाऊस असतो तेव्हा आभाळच काच धुते. धोका असतो तो पाऊस नुकताच थांबलेला असताना. रस्ता ओला, चिखल पातळ, समोरच्या गाडीच्या चाकांमागून त्याचे तुषार उडताहेत, आणि वरून मात्र थेंबही नाही. अशा वेळी कोरडा वायपर फिरवला की तो चिखल निघत नाही, सारवला जातो. शेणाने अंगण सारवावे तशी काच सारवली जाते. त्यात संध्याकाळची वेळ असेल, आपण पश्चिमेकडे गोव्याच्या रस्त्याला असू आणि उतरते ऊन समोरून येत असेल, तर ती सारवलेली काच पांढरीशुभ्र होते आणि पलीकडचे काहीही दिसत नाही. त्या क्षणी बॉनेटखालच्या टाकीत दोन लिटर पाणी असणे वा नसणे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. तहान लागल्यावर विहीर खणता येत नाही, हे घाटातल्या वळणाइतके दुसरीकडे कोठेही पटत नाही.

काच पुसण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असताना त्यांनी पाहिले की, ट्रामच्या चालकाला बर्फामुळे काचेतून दिसत नाही. त्यांनी आतून दांडी फिरवून बाहेरची काच पुसणारी योजना तयार केली आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्यातून त्यांना पैसा मात्र मिळाला नाही. कारखानदारांना ती वस्तू उपयोगाची वाटली नाही. पुढे मोटारी वाढल्या, वेग वाढला आणि वायपर प्रत्येक गाडीवर आला. पाण्याच्या फवाऱ्याची जोड त्याला आणखी काही काळाने मिळाली. आपल्याकडे तर कित्येक जुन्या गाड्यांत ती नव्हतीच. सीटखाली पाण्याची बाटली आणि एक फडके ठेवावे, हीच रीत. आज मात्र लहानातल्या लहान मोटारीतही ही सोय असते. म्हणूनच तिची आठवण कोणी ठेवत नाही. ब्रिटनमध्ये मोटारीच्या वार्षिक तपासणीत वायपरबरोबर हा फवाराही तपासतात, आणि फवारा बंद असलेली गाडी रस्त्यावर आणणे तेथे गुन्हा ठरतो. त्या देशाने ती गोष्ट कायद्यात घातली. आपण निदान सवयीत घालू.

आता या योजनेची रचना पाहू. ती इतकी सोपी आहे की घरातल्या आठवीतल्या मुलालाही समजावी. बॉनेट उघडले की एका बाजूला प्लॅस्टिकची टाकी असते; तिच्या झाकणावर काच आणि फवाऱ्याचे चित्र असते. लहान गाड्यांत तिच्यात साधारणपणे दोन-तीन लिटर पाणी मावते. टाकीच्या तळाशी, रबरी कड्यात बसवलेला, अंगठ्यापेक्षा थोडा मोठा विजेचा पंप असतो. तो गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. तेथून रबरी नळी निघते, बॉनेटच्या खालून वर जाते आणि तिला दोन फाटे फुटून त्या तोट्यांना, म्हणजे मिस्त्री ज्यांना नोझल म्हणतात त्यांना, जोडलेल्या असतात. काही गाड्यांत वाटेत एकमार्गी झडप असते. ती पाणी मागे उतरू देत नाही, म्हणून दांडी ओढताच फवारा तत्काळ येतो. ज्या गाडीला मागच्या काचेवरही वायपर असतो, तिथे बहुधा ह्याच टाकीतले पाणी लांब नळीने मागे नेलेले असते. टाकी, पंप, जाळी, नळी, तोटी: एवढाच संसार.

पहिला प्रश्न पाण्याचा. ‘पाणी ते पाणी’ असे म्हणून आपण बोअरचे पाणी ओततो. नळाला राकसकोपचे वा हिडकलचे पाणी येते ते त्या मानाने सौम्य. बोअरचे पाणी बहुधा जड. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले असतात. घरातल्या गीझरमध्ये आणि चहाच्या किटलीत जो पांढरा थर धरतो, तोच थर मोटारीच्या तोटीत धरतो. फरक इतकाच की किटलीचे तोंड मोठे असते आणि तोटीचे छिद्र सुईच्या टोकाएवढे. बॉनेटच्या उष्णतेने पाणी सुकते, क्षार मागे राहतात आणि काही महिन्यांत छिद्र बुजते. यावर उपाय स्वस्त आहे. बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध केलेले पाणी वापरावे. ते न मिळाल्यास घरातल्या फिल्टरचे, आर.ओ.चे पाणी वापरावे. पाणी भरताना फडक्यातून वा बारीक गाळणीतून गाळावे. कचरा टाकीत गेला की तो पंपाच्या जाळीवर बसतो आणि मग पंप नुसता कण्हत राहतो.

दुसरा प्रश्न, पाण्यात काय घालावे. नुसत्या पाण्याने धूळ जाते, पण तेलकट थर जात नाही. डिझेलचा धूर, रस्त्यावरचे तेल, गाडीला लावलेले पॉलिश आणि पावसाळ्याच्या तोंडावर दिव्यांवर झेपावणारे किडे यांचा चिकट थर काढायला काचेसाठी म्हणून तयार केलेले द्रव मिळते, ते बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. त्याच्याऐवजी कपड्यांची पावडर घालण्याची चूक करू नये. पावडर नीट विरघळत नाही, तिचा गाळ तळाशी बसतो, फेस फार होतो, आणि तो वाळल्यावर काचेवर पट्टे उमटतात. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या पट्ट्यांवर पडला की डोळ्यांपुढे चांदण्या नाचतात. भांड्यांच्या साबणाचीही तीच गत. रॉकेल वा डिझेलचे थेंब घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो हसून सोडून द्यावा. त्याने वायपरचे रबर फुगते आणि काच अधिकच तेलकट होते.

तिसरी गोष्ट फार जपून करावयाची. बॉनेटखाली याच टाकीसारखी दिसणारी दुसरी टाकी असते, ती इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची. घाईत अदलाबदल होते. कूलंट काचेच्या टाकीत गेले तर काचेवर बुळबुळीत थर येतो; साबणाचे पाणी इंजिनाच्या टाकीत गेले तर फेस होऊन इंजिन तापण्याची भीती. आणि इंजिन गरम असताना कूलंटचे झाकण उघडले तर उकळते पाणी हातातोंडावर उडते. म्हणून गाडी थंड असताना, उजेडात, झाकणावरचे चित्र पाहूनच पाणी ओतावे. चित्र समजत नसेल तर गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडावी. ती बहुतेक घरांत आलेल्या दिवशीच कपाटात जाते आणि गाडी विकतानाच बाहेर येते!

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती घराच्या सुरक्षिततेची आहे. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून या द्रवात मेथॅनॉल घालतात. मेथॅनॉल हे विष आहे. त्याने डोळे जातात, जीवही जातो. आपल्या हवेत पाणी गोठण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा तसले द्रव आणण्याचे कारण नाही. कोणतेही द्रव आणले तरी ते मूळ बाटलीतच, मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवावे. ते बहुधा निळे वा हिरवे असते आणि सरबतासारखे दिसते. आपल्या घरांत सरबताच्या रिकाम्या बाटलीत काहीही भरून ठेवण्याची सवय आहे. ती सवय या एका वस्तूपुरती तरी मोडावी.

आता आरोग्याची आणखी एक बाब, जी आपल्यापैकी थोड्यांनीच ऐकली असेल. १९७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले होते. त्याला आलेल्या पुष्कळ लोकांना विचित्र न्यूमोनिया झाला आणि अनेक जण दगावले. पुढल्या वर्षी त्याचे कारण असलेला जंतू सापडला. त्या संघटनेच्या नावावरून त्याला लिजिओनेला म्हणतात. हा जंतू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतो आणि त्या पाण्याचे बारीक तुषार श्वासाबरोबर आत गेले की फुप्फुसाला धरतो. मोटारीच्या टाकीतले महिनोन्महिने साचलेले पाणी, त्याला बॉनेटची ऊब आणि वर फवारा, असा हा योग आहे. इंग्लंड-वेल्समध्ये या रोगाच्या रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१० साली तो प्रसिद्ध झाला. काचेच्या टाकीत द्रव न घालता नुसते पाणी वापरणाऱ्यांत या रोगाचा धोका अधिक असल्याचे त्यात दिसले. नंतर २०१४ साली अमेरिकेतील ॲरिझोनात शाळेच्या बसगाड्यांच्या टाक्यांतही संशोधकांना हे जंतू आढळले. याने घाबरून जाण्याचे कारण नाही. धडधाकट माणसाला सहसा त्रास होत नाही. परंतु वयोवृद्ध, धूम्रपान करणारे आणि ज्यांची प्रकृती मुळात नाजूक आहे त्यांना हा रोग गंभीर होऊ शकतो. तात्पर्य एवढेच की, साचलेले पाणी टाकीत कुजू देऊ नये, वर्षातून दोनदा ते पूर्ण काढून टाकी धुवावी, आणि नुसत्या पाण्याऐवजी योग्य द्रव मिसळलेले पाणी वापरावे.

बिघाड कसा ओळखावा, हे आता सांगतो. आपल्याकडे ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असे नेहमी होते. पाणी येत नाही म्हटले की नवा पंप बसवला जातो, आणि दोष असतो पाच पैशांच्या कचऱ्यात. म्हणून क्रम धरावा. गाडी उभी करून, इंजिन बंद ठेवून, फक्त किल्ली फिरवावी आणि दांडी ओढून कान द्यावा. पंपाचा गुं गुं आवाज येतो आणि पाणी येत नाही, तर पंप जिवंत आहे. टाकी रिकामी आहे काय, नळी निसटली वा चिरली आहे काय, जाळी वा तोटी तुंबली आहे काय, हे पाहावे. आवाजच येत नसेल तर आधी फ्यूज पाहावा, मग तारेचे जोड, आणि शेवटी पंप. एका बाजूने पाणी येते आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर दोष बहुधा त्या बाजूच्या तोटीत वा तिच्या फाट्यात. पाणी येते पण दांडी ओढल्यावर बऱ्याच वेळाने येते, तर एकमार्गी झडप नीट मिटत नसावी. भरलेली टाकी दोन दिवसांत आपोआप रिकामी होते, तर टाकीला चीर आहे वा पंपाभोवतीचे रबरी कडे सैल झाले आहे. गाडीखाली कोरडा कागद पसरून रात्रभर ठेवावा, गळतीची जागा कळते. पाणी नसताना दांडी ओढून धरू नये. कोरडा पंप तापून जळतो. पाणी असतानाही एका दमात दहा सेकंदांपेक्षा जास्त ओढू नये.

एक शत्रू राहिला, तो म्हणजे उंदीर. पावसाळ्यात आणि थंडीत इंजिनाच्या उबेला उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि या मऊ नळ्या कुरतडतात. आठ-दहा दिवस उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून एकदा नजर टाकावी. नळी कुरतडली असेल तर तेवढाच तुकडा कापून नवी नळी बसवता येते. खर्च अगदी थोडा.

तोटी तुंबली तर बारीक सुई छिद्रात हलक्या हाताने घालून फिरवावी. जोर करू नये, छिद्र मोठे झाले की धार पडते आणि फवारा बिघडतो. क्षाराचा थर असेल तर तोटी काढून तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवावी, मग स्वच्छ पाण्याने धुवावी. नळी काढून उलट दिशेने हवा मारली तरी कचरा निघतो. काही तोट्यांत गोळी असते. सुईने ती फिरवून फवाऱ्याची दिशा बदलता येते. उभ्या गाडीत पाणी काचेच्या मध्याच्या थोडे वर पडेल असे करावे, कारण गाडी धावू लागली की वारा ते खाली दाबतो. हल्ली काही गाड्यांत धुक्यासारखा फवारा देणाऱ्या, दिशा न बदलणाऱ्या तोट्या असतात. त्यांच्यात सुई खुपसू नये.

फवारा चांगला आणि वायपर फाटका, तर उपयोग शून्य. वायपरचे रबर उन्हाने कडक होते, त्याला भेगा पडतात, मग तो काचेवर किरकिरतो आणि पट्टे ठेवतो. आपल्या उन्हात ते वर्षाला एकदा बदलावे, हे बरे. नवे रबर थोड्या पैशांत येते. परंतु घासलेल्या रबरामागचा धातू काचेवर घासला की काचच बदलावी लागते. ती दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली, फुटली तरी तुकडे अंगावर न येणारी अशी खास काच असते आणि महाग असते. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात, तो हाच प्रकार. म्हणून धुळीच्या काचेवर कोरडा वायपर कधी फिरवू नये. आधी पाणी, मग क्षणभर दम, मग वायपर. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने रबराची कड पुसावी. काच आतूनही पुसावी; आतल्या बाजूला धरणारा पुसट थर दिवसा दिसत नाही, रात्री समोरून दिवा आला की दिसतो. नव्या गाड्यांत समोरच्या काचेमागे कॅमेरा असतो आणि तो चालकाला सावध करतो; त्या कॅमेऱ्यालाही काच स्वच्छच लागते.

रस्त्यावर वापरण्याचीही रीत आहे. समोरून गाडी येत असताना किंवा ओलांडून पुढे जाताना फवारा मारू नये, कारण पहिले एक-दोन सेकंद दिसणे कमीच होते. सरळ, मोकळा रस्ता पाहून, वेग कमी करून मारावा. मागून स्कूटरवाला अगदी जवळ असेल तर त्याच्या तोंडावर आपले पाणी जाते, याचे भान ठेवावे. पाणी संपलेच, तर चिखल सारवत पुढे जाऊ नये. रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि हाताने काच धुवावी. त्यासाठी एक पाण्याची बाटली आणि स्वच्छ सुती फडके गाडीत कायम असावे. जुन्यांची रीत वाईट नव्हती! मात्र काच उन्हाने तापलेली असेल आणि तिला खड्याचा टवका गेलेला असेल, तर तिच्यावर गार पाणी एकदम ओतू नये. टवक्याची भेग होते.

हे सगळे लक्षात ठेवायचे कसे, असा प्रश्न येईल. आपल्या आजीने तारखा लक्षात ठेवल्या नाहीत, सण लक्षात ठेवले. तेच आपण करू. मृग लागण्याआधी वायपरचे रबर बदलावे आणि फवारा पाहावा. दसऱ्याला टाकी रिकामी करून धुवावी. खंडेनवमीला आपण गाडीची पूजा करतो, तेव्हा काचेवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, हळद लावतो, हार घालतो. पूजा मनोभावे करावी, पण ते स्वस्तिक बॉनेटवर काढावे आणि समोरच्या काचेसमोर लोंबणारा हार पूजा झाल्यावर काढून ठेवावा. तेलकट कुंकू वायपरखाली आले की महिनाभर निघत नाही. संक्रांतीला, उसाची वाहतूक भर जोरात असते तेव्हा, तोट्या पाहाव्यात. आणि पाडव्याला पुन्हा एकदा टाकी धुवावी. चार सण आणि प्रत्येकी पंधरा मिनिटे, म्हणजे वर्षाचा एक तास. पाण्याची पातळी मात्र दर आठवड्याला, पेट्रोल भरतानाच पाहावी.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी हा विषय घेतला. आपल्या ट्रस्टची रुग्णांना नेणारी गाडी आहे. ती रात्री-अपरात्री निघते. कधी मिरजेला, कधी हुबळीला, कधी घाट उतरून गोव्याला. आत झोपलेल्या रुग्णाला आणि त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाला समोरचा रस्ता दिसत नाही. त्यांचे डोळे म्हणजे चालकाचे डोळे, आणि चालकाचे डोळे म्हणजे ती काच. घरच्या गाडीला एक मालक तरी असतो. संस्थेच्या गाडीला सगळेच मालक, म्हणून ‘दहा घरचा पाहुणा उपाशी’ अशी तिची अवस्था होण्याची भीती. ती गाडी कोणी चुकीने चालवते असे मी म्हणत नाही. मी एवढेच सुचवतो की, गाडीत एक वही ठेवावी. प्रत्येक फेरीला निघण्यापूर्वी चालकाने दिवे, हवा, ब्रेक यांच्याबरोबर ‘काचेचे पाणी’ अशी एक ओळ लिहून तिच्यापुढे सही करावी. आणि महिन्यातून एकदा ती वही पाहण्याचे काम एका विश्वस्ताच्या नावावर असावे. नाव असल्याशिवाय काम होत नाही, हा सर्व संस्थांचा अनुभव आहे. रुग्ण सहसा दुबळ्या प्रकृतीचे असतात, म्हणून मघाशी सांगितलेला साचलेल्या पाण्याचा नियम त्या गाडीला तर दुप्पट काटेकोरपणे लावावा.

आपल्या वाडवडिलांनी हा ट्रस्ट काढला तेव्हा त्यांच्याजवळ मोठी रक्कम नव्हती. होती ती लहान गोष्टी नेमाने करण्याची सवय. वर्गणी वेळेवर, हिशेब पैशापैशाचा आणि आल्यागेल्याची विचारपूस. मोठी कामे त्यातूनच उभी राहिली. मोटारीच्या टाकीतले दोन लिटर पाणी ही त्याच जातीची गोष्ट आहे. ती केल्याने कोणी सत्कार करणार नाही, आणि ती केल्यामुळे टळलेला अपघात वर्तमानपत्रात येत नाही. येत्या रविवारी सकाळी मुलांना बरोबर घेऊन बॉनेट उघडा, टाकीचे झाकण त्यांच्या हाताने काढू द्या, पाणी त्यांच्या हाताने ओतू द्या. पुढे ती गाडी चालवतील तेव्हा ही सवय त्यांच्याबरोबर घाट उतरेल.